लुसो आणि आमची पद्मिनी

रोम-फ्लॉरेन्सबद्दल लिहीत नाही. रांगा लावल्या, पाय दुखले, संपलं. लिहायचंय ते मोदेनातल्या एका दुपारबद्दल.

बोलोन्यात आम्ही घेतलेल्या खोलीला लिफ्ट नव्हती. बुकिंग करताना मीच नीट वाचलं नव्हतं. चौथा मजला आणि सोबत 71 वर्षांचे बाबा! त्यामुळे सकाळपासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. पॅसेंजरने अर्ध्या तासात मोदेना, तिथून चालत एन्झो फेरारी म्युझियम. 1898 मध्ये एन्झो जन्मला ते घर आणि शेजारी बॉनेटसारखं पिवळंधमक छप्पर असलेलं दालन.

लाल गाड्यांपुढे बाबा रेंगाळलेच नाहीत. थबकले ते एका चंदेरी 250 जीटी लुसोपाशी. 1962 च्या पॅरिस शोमध्ये आलेली, पिनिनफारिना या इटालियन डिझाइन कंपनीने रेखलेली. खिडक्यांमधले खांब इतके बारीक, की छप्पर काचांवर नुसतं टेकवलंय असं वाटतं. मागे ते सलग उतरत जातं आणि शेपटीशी एकदम तुटतं. मला फेरारीतलं फार कळत नाही, पण हिच्यापुढे आजच्या सुपरकार उगाच आरडाओरडा करणाऱ्या वाटल्या.

बाबा हात पाठीशी बांधून खिडकीपाशी वाकले. "अरे, मोठी घड्याळं मधोमध आहेत!" खरंच, वेगाचं आणि आरपीएमचं अशी दोन्ही मोठी घड्याळं डॅशबोर्डच्या मध्यावर, आणि स्टेअरिंगमागे नुसती छोटी छोटी. "म्हणजे शेजारच्यालाही स्पीड दिसणार. तुझ्या आईने साठच्या वर जाऊ दिली नसती."

सकाळपासूनचं पहिलं पूर्ण वाक्य!

मग मी फोनवर बघून सांगत गेलो. तीन लिटरचं, बारा सिलिंडरचं इंजिन. एका सिलिंडरचे जवळपास 250 सीसी, म्हणून नावात 250. वेग ताशी 240 च्या आसपास. "आमच्या पद्मिनीचे चारही मिळून 1089," बाबा म्हणाले. पद्मिनी म्हणजे आमची जुनी गाडी, मूळची इटलीच्या फियाटचीच, तेव्हा लांबचं का होईना, नातं होतंच. पण लुसोलाही गिअर चारच, हे कळल्यावर त्यांचा चेहरा जो खुलला! लुसो म्हणजे ऐषआराम. एवढ्या नावाच्या आणि लांब पल्ल्याच्या गाडीला पाचवा गिअर असायला हवा होता, असं माझं मत. बाबांना ते अजिबात पटलं नाही.

सीटांच्या मागे गादीसारखा शिवलेला कप्पा आणि त्यावर सामान बांधायचे चामडी पट्टे. बाबांनी काचेपासून चार बोटं लांब, हवेतच विती टाकून तो मोजला. तिथला माणूस दोनदा जवळून फिरून गेला. मी त्याच्याकडे बघून ओशाळं हसलो. आमचा होल्डॉल पद्मिनीच्या टपावर सुतळीने बांधलेला असायचा, खंबाटकीत तो एकदा सुटलाही होता.

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली. बाबांनी माझी सॅक मांडीवर घेतली, तिच्यावर दोन विती टाकल्या आणि म्हणाले, "आडवी ठेवली तर मावेल."