दाढीच्या सामानाचे पुरुमेंत

मे महिना अर्धा उलटला की गोव्यातल्या घरांत पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, लगबग सुरू होते. मिरच्या अंगणात वाळत पडतात, आमसुले बरणीत जातात, सुकी मासळी कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवली जाते. या सगळ्यात घर चालवणारी बाई एक हिशेब कधीच चुकवत नाही: खाणारी तोंडे किती, महिने किती, आणि पावसाळी हवेत कुठली वस्तू किती दिवस तग धरेल. चार महिन्यांची मिरची भरायची, चार वर्षांची भरली तर बुरशीच खाणार. सेफ्टी रेझर, ब्रश आणि साबण घेऊन दाढी करायचा ज्यांना नाद आहे, त्यांच्या कपाटात नेमका हा हिशेब नसतो. तिथे साबणाचे बारा डबे असतात, ब्लेडचे शंभराचे तीन खोके असतात, आणि चौथा रेझर कुरिअरने निघालेला असतो.

नाद चांगला आहे, तो सोडा असे कोणी सांगू नये. पण सामान घेणे आणि दाढी करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली वाढली की दुसरी सुधारायची थांबते. खरेदीला आवर घालायचा तर आधी सामानाची मोजणी नगांवर न करता दाढ्यांवर करावी.

त्यासाठी स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा पुरतो. एक साबण निवडा, झाकण काढून डबा तोला, आकडा डब्याच्या बुडाला चिकटपट्टीवर लिहा. त्याच साबणाने दहा दाढ्या करा, पुन्हा तोला, फरकाला दहाने भागा. बहुतेकांचा आकडा एक ग्रॅमच्या आगेमागे येतो, हात सैल असेल तर दीड. एक खबरदारी मात्र घ्यावी. दाढीच्या साबणात ग्लिसरीन असते आणि ते हवेतले पाणी ओढते. जुलै-ऑगस्टमध्ये डबा तोलला तर वापरूनही वजन घटलेले दिसत नाही, कधी वाढलेलेही दिसते. म्हणून ही मोजणी डिसेंबर ते एप्रिलमध्ये करावी, आणि तोलण्याआधी डबा रात्रभर पंख्याखाली उघडा ठेवावा.

आता हिशेब. एक दिवसाआड दाढी म्हणजे महिन्याला पंधरा, वर्षाला साधारण १८०. शंभर ग्रॅमचा एक डबा शंभर दाढ्या, म्हणजे पावणेसात महिने. सहा डबे असतील तर तीन वर्षे चार महिने. बारा असतील तर साडेसहा वर्षांहून जास्त. ब्लेड एकेक चार दाढ्या धरली तर शंभराचा एक खोका सव्वादोन वर्षांजवळ जातो, तीन खोके साडेसहा वर्षे ओलांडतात. आफ्टरशेव तेवढे भराभर संपते: दर वेळी दोन मिलिलीटर म्हटले तर शंभरची बाटली पन्नास दाढ्यांत रिकामी. हे आकडे कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवावेत. ‘माझ्याकडे बारा साबण आहेत’ हे वाक्य अभिमानाचे वाटते, ‘माझ्याकडे साडेसहा वर्षांचा साबण आहे’ हे वाक्य हात आखडायला लावते.

हे कळूनही माणूस विकत घेतो, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा त्या सकाळची बिघडलेली दाढी असते. मानेवर आग झाली, हनुवटीखाली खुंट राहिले, गालावर बारीक लाल ठिपके उठले, की बोट रेझरकडे दाखवले जाते आणि संध्याकाळपर्यंत नवा रेझर मागवला जातो. म्हणून खरेदी थांबवायचा सगळ्यात पक्का उपाय म्हणजे बिघाड कुठे आहे ते शोधता येणे. तीस दाढ्यांसाठी एक रेझर, एकाच जातीचे ब्लेड, एक साबण, एक ब्रश ठरवा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कोणाचा ते कधीच कळत नाही.

सुरुवात ब्लेड बसवण्यापासून. तीन तुकड्यांच्या रेझरमध्ये टोपी, खालची पट्टी आणि मूठ असते. टोपी पालथी धरून ब्लेड आणि पट्टी बसवा, टोपीच्या दोन्ही टोकांना बोटांनी पट्टीवर समान दाबा आणि तो दाब न सोडता मूठ आवळा. मग रेझर डोळ्यांच्या रेषेत धरून दोन्ही बाजू पाहा. एका बाजूने ब्लेड जास्त डोकावत असेल तर ती बाजू ओरखडते आणि दुसरी नुसती फिरते. एकाच रेझरने डावा गाल बरा आणि उजवा वाईट होतो त्यामागे पुष्कळदा एवढेच कारण असते. अशा वेळी सैल करून पुन्हा आवळावे. मूठ मुद्दाम अर्धवट सैल ठेवून रेझर तीव्र, म्हणजे जास्त कापणारा, करायची युक्ती काही जण सांगतात, ती करू नये. ब्लेड थरथरते आणि कापते.

दुसरी जागा कोनाची. टोपी गालावर टेकवा, मूठ हळूहळू खाली आणा, केस कापल्याचा आवाज सुरू झाला की थांबा. तो कोन साधारण तीस अंशांचा असतो. मूठ शेवटाकडे धरली तर दाब आपोआप कमी पडतो, डोक्याजवळ धरली की हात दाबायला लागतो. कार्ट्रिजची, म्हणजे अनेक पात्यांच्या तयार डोक्याच्या रेझरची, सवय असलेले हात पहिले काही महिने दाबतातच.

मग मान. एक दिवसाचे खुंट वाढले की बोटाच्या टोकाने चारही दिशांना चाचपून पाहा, ज्या दिशेला गुळगुळीत लागेल ती केसांची दिशा. गालावर ती खाली असते, पण मानेवर पुष्कळांची आडवी किंवा वर जाणारी निघते. कागदावर चेहऱ्याचे चित्र काढून बाण मारून ठेवा. रेझरचा पहिला हात, म्हणजे पहिली फेरी, केसांच्या दिशेने, दुसरा आडवा, आणि उलटा, म्हणजे केसांच्या विरुद्ध दिशेचा, हात त्वचा सहन करत असेल तरच. मानेवरची आग बहुतेक वेळा नकळत उलट्या मारलेल्या पहिल्या हाताची असते. ती कुठल्याही रेझरने होईल, महागड्यानेही.

फेसाबद्दल गोव्यात एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. इथले नळाचे आणि जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी बहुतेक ठिकाणी हलके आहे, साबण चटकन फेसाळतो. घाटावरच्या जड पाण्यात चुना आणि मॅग्नेशियम साबण खाऊन टाकतात, तिथल्या माणसाने सांगितलेले प्रमाण इथे उतरवले तर साबण दुप्पट जातो. मात्र खाडीकाठच्या विहिरी मे महिन्यात खारट होतात, आणि खारट पाण्यात चांगल्यातला चांगला साबण फाटतो. त्या दिवसांत दाढीपुरता वाटीभर नळाचे पाणी घ्यावे. साबण बदलून काही होणार नाही. फेस तयार झाल्याची खूण ही: त्यात डोळ्यांना दिसणारे बुडबुडे नसतात, तो ओल्या दह्यासारखा चकाकतो, आणि गालावर दोन मिनिटे ठेवला तर कडेने सुकत नाही. सुकत असेल तर पाणी कमी पडले आहे. पाव चमचा पाणी घालून पुन्हा घोटावे.

दाढी झाल्यावर ओली तुरटी फिरवा. किराणा दुकानातला खडाही चालतो, कडा दगडावर घासून गोल करून घेतला की झाले. तुरटी जिथे झोंबते तिथे दाब जास्त पडला आहे किंवा एकाच जागेवरून हात फार वेळा फिरला आहे. तीस दाढ्यांत रोज झोंबलेली जागा वहीत नोंदवली तर तिसऱ्या आठवड्यात चित्र स्वच्छ होते, आणि दहापैकी नऊ वेळा त्यात सामानाचा दोष नसतो.

दहावी वेळही असते. रेझर खरेच सौम्य आहे, दाट राठ दाढीला तीन हात मारूनही पुरत नाही, असे घडते. तेव्हाही आधी घरातलाच एक उपाय करून पाहावा. वापरून झालेले ब्लेड घ्या, लांबीच्या दोन्ही धारा कात्रीने कापून टाका. धारेवर आधी चिकटपट्टी लावावी, तुकडे उडतात. उरलेली मधली भोकांची पट्टी नव्या ब्लेडखाली, म्हणजे ब्लेड आणि खालची पट्टी यांच्यामध्ये, बसवा. ब्लेडची जाडी ०.१ मिलिमीटर असते, तेवढेच ब्लेड वर उचलले जाते. एवढ्याशा फरकाने रेझरचा स्वभाव बदललेला हाताला लगेच जाणवतो, म्हणून पहिली दाढी हलक्या हाताने करावी. हे करूनही समाधान नसेल तर नवा रेझर घेण्यात चूक नाही.

ब्रशचीही तीच गत. डुकराच्या केसांचा नवा ब्रश पहिल्या आठ-दहा दाढ्यांत राठ लागतो, वास येतो, फेस गिळतो. तिथेच कंटाळून लोक दुसरा मागवतात. पंधरा-वीस दाढ्यांनंतर त्याच केसांची टोके दुभंगतात आणि ब्रश मऊ पडतो. दर वेळी तीन-चार मिनिटे कोमट पाण्यात भिजवावा आणि धीर धरावा.

खरेदीला लगाम घालायचे दुसरे कारण गोव्याची हवाच देते. इथे साठा टिकत नाही. उघडलेला साबण जून ते सप्टेंबर घाम गाळत बसतो, न्हाणीत झाकण लावून ठेवला तर वर काळे ठिपके येतात. ज्यात वनस्पती तेले जास्त आहेत असे हाती बनवलेले साबण जुने झाले की नारिंगी डाग पडून खवट होतात. लिंबू-संत्र्याचे वास आधी उडून जातात. म्हणून एका वेळी दोनच डबे उघडे असावेत. बाकीच्यांची झाकणे चिकटपट्टीने बंद करून झोपायच्या खोलीतल्या कपाटात ठेवावीत. ब्लेड मेणकागदात असली तरी ओलाव्यात कडेने गंजतात, ती हवाबंद डब्यात, औषधाच्या बाटलीतून निघालेल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावीत. क्रोम चढवलेल्या जस्ताच्या मिश्रधातूची रेझरची डोकी किनाऱ्यालगतच्या गावांत विशेष जपावी लागतात: मुलामा एकदा तडकला की आतला धातू फुगून सुटायला लागतो आणि त्याला दुरुस्ती नाही. दाढीनंतर रेझर उघडून धुवावा, ब्लेड पुसू नये, नुसते टिपून घ्यावे. असे चार रेझर रोज कोण जपणार?

एका बाबतीत मात्र दोन नग गोव्यात न्याय्य आहेत, आणि ते म्हणजे ब्रश. जुलैत ब्रशचा गाभा दोन दिवसांतही नीट वाळत नाही. ओल्या गाभ्यात कुजका वास शिरतो, आणि लाकडी मुठीचे भोक फुगून मूठ चिरते. दोन ब्रश आलटून पालटून वापरावेत, झटकून, टॉवेलवर फिरवून, पंख्याच्या वाऱ्याला ठेवावेत. त्यातला एक सिंथेटिक असला तर उत्तम, तो काही तासांत कोरडा होतो.

मोह होणारच. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेव्हिंग क्रीम आणि आफ्टरशेववरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला, शिवाय चवथ (गणेशचतुर्थी) आटोपली की ऑनलाइन सेल सुरू होतात. गोवेकरांना आणखी एक हळवी ओढ असते: पोर्तुगालचे सेमोगचे ब्रश, क्लाउस पोर्तोचा मुस्गो रिआल साबण, हे आपल्याशी नाते सांगतात असे वाटते. नाते मानावे, पण एक साबण संपल्यावर. मोहासाठी एक वही पुरते. वस्तूचे नाव, तारीख, किंमत आणि ‘माझ्याकडे असलेल्या कुठल्या वस्तूने हे काम होत नाही?’ या प्रश्नाचे उत्तर लिहा. पुढच्या संकष्टीला ते पान उघडा. उत्तराची जागा रिकामी असेल तर ओळ खोडा. भरलेली असेल तर आधी नमुना मिळतो का पाहा. पाच जातींची पाच-पाच ब्लेड घेतली तरी ती शंभर दाढ्यांची, म्हणजे सहा महिन्यांहून जास्त काळाची परीक्षा होते. त्याआधी कुठल्याच जातीचा शंभराचा खोका घेण्यात अर्थ नाही. साबण तीन-चार मित्रांनी मिळून घ्यावा आणि सुरीने कापून वाटून घ्यावा.

जास्तीचे झालेले सामान कपाटात मरू देऊ नये. रेझर भांड्यांच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने घासून, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दहा मिनिटे बुडवून कोणालाही देता येतो. घट्ट साबणाचा वरचा थर सुरीने खरवडून काढला की तोही देता येतो. वापरलेला ब्रश देऊ नये. नुकती दाढी फुटू लागलेल्या भाच्या-पुतण्याला एक रेझर, दहा ब्लेड आणि अर्धा साबण दिला, शेजारी उभे राहून पहिली दाढी करवून घेतली, तर त्या सामानाचे चीज होते.

वापरलेली ब्लेड कचऱ्यात सुटी टाकू नयेत, पंचायतीचा सुका कचरा हाताने वेगळा करणाऱ्यांची बोटे कापतात. रिकाम्या पत्र्याच्या डब्याला वर चीर पाडून त्यात ती टाकत जावीत. डबा भरायला कित्येक वर्षे लागतात. भरला की चीर बंद करून वर ठळक अक्षरांत ‘ब्लेड’ लिहून तो वेगळा द्यावा.

आता पावसाळ्याचे पुरुमेंत. जून ते सप्टेंबर, एक दिवसाआड, साठ दाढ्या: ६० ग्रॅम साबण, १५ ब्लेड, १२० मिलिलीटर आफ्टरशेव किंवा तुरटीचा एक खडा, दोन ब्रश, एक रेझर. हे सगळे बिस्किटांच्या एका डब्यात मावते. ३१ मेच्या संध्याकाळी तो डबा भरावा, कपाटाला कुलूप लावावे आणि चवथ होईपर्यंत ते उघडू नये.