कार्यक्रम एकाचा, टॉवर दुसऱ्याचा

अमेरिकेतल्या कन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे उजव्या विचारांच्या, टॉक रेडिओचा विषय निघाला की गप्पा लगेच राजकारणावर जातात, कोण किती विखारी बोलला, कोणी कोणाची डोकी भडकवली वगैरे. ते सगळं आहेच, आणि त्यातली बरीचशी मतं मला अजिबात पटत नाहीत. पण मी न्यू जर्सीत राहते, ऑफिसला जाता-येता गाडीत एएम लावायची जुनी सवय आहे, आणि इतकी वर्षं ऐकून मला यातली धंद्याची बाजू जास्त महत्त्वाची वाटायला लागली आहे. एखादा मोठा शो एका स्टेशनवरून उठून दुसऱ्या स्टेशनवर जातो तेव्हा नेमकं काय होतं, कोणाचा फायदा होतो आणि कोणाचं कायमचं जातं, यावर फारसं कोणी बोलत नाही.

आपल्याकडे प्रायव्हेट एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही, आकाशवाणीचं बुलेटिन आहे तसं लावायचं एवढंच, त्यामुळे दुपारी तीन तास एक माणूस माइकसमोर बसून फक्त राजकारणावर बोलतोय आणि ते देशभर शेकडो स्टेशनांवर चाललंय हे पुण्या-मुंबईतल्या माणसाला पटकन डोळ्यांसमोर आणता येत नाही. इथे ते शक्य झालं कारण 1987 मध्ये एफसीसीने (रेडिओ-टीव्हीचे नियम आणि लायसन्स बघणारी सरकारी संस्था) फेअरनेस डॉक्ट्रिन काढून टाकलं, म्हणजे वादाच्या विषयावर दोन्ही बाजू ऐकवायचं बंधन गेलं, आणि पुढच्याच वर्षी, 1 ऑगस्ट 1988 ला, रश लिंबॉ या उजव्या होस्टचा शो देशभर सुरू झाला. तेव्हा एएम स्टेशनांची अवस्था वाईट होती, गाणी ऐकणारे सगळे एफएमवर गेलेले, दुपारच्या वेळात काय लावायचं हा प्रश्नच होता.

आणि शो घ्यायला सुरुवातीला स्टेशनला पैसेसुद्धा द्यावे लागत नव्हते! याला बार्टर म्हणतात. शो विकणारी कंपनी म्हणणार, शो फुकट घ्या, बदल्यात तासातली ठरलेली जाहिरातीची मिनिटं आमची, ती आम्ही देशभरासाठी एकदम विकणार, उरलेली मिनिटं तुमची, ती तुम्ही गावातल्या गाडीवाल्याला नाहीतर फर्निचरवाल्याला विका. म्हणून तर या शोंचा तास इतका आखीव असतो, सुरुवातीची पाच-सहा मिनिटं बातम्या, मग होस्ट येणार, मग ठरल्या वेळेला ब्रेक. होस्ट कितीही रंगात आलेला असो, ब्रेकची वेळ आली की वाक्य आवरतंच, कारण तिकडे प्रत्येक स्टेशनचं कॉम्प्युटर सिग्नलची वाट बघत असतं आणि सिग्नल आला की आपापल्या गावची जाहिरात लावून मोकळं. नीट ऐकलं तर जोड कळतो, मधेच आवाजाची पट्टी बदलते, एकदम कुठल्यातरी जवळच्या हायवेवरच्या दुकानाचा पत्ता ऐकू येतो आणि परत होस्ट हजर. पुढे शो गाजला तसे स्टेशनांकडून वर रोख पैसेही घ्यायला लागले.

मग 1996 चा टेलिकम्युनिकेशन्स कायदा आला. आधी एका कंपनीला देशभरात मिळून किती स्टेशनं ठेवता येतील याला मर्यादा होती, ती गेली, आणि क्लिअर चॅनेल या कंपनीकडे बघता बघता हजाराच्या वर स्टेशनं झाली, शिवाय लिंबॉचा शो विकणारी प्रीमिअर नेटवर्क्सही त्यांचीच. म्हणजे शो बनवणारा आणि शो लावणारा एकाच घरातला झाला, आणि माझ्या मते सगळी गोम इथेच आहे.

न्यूयॉर्कचंच बघा. लिंबॉ पहिल्यापासून 770 वर, म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीच्या डब्ल्यूएबीसी स्टेशनवर, पुढे दुसरा उजवा होस्ट शॉन हॅनिटीही तिथेच. 2011 मध्ये ते स्टेशन क्युम्युलस या दुसऱ्या रेडिओ कंपनीकडे गेलं. 2012 मध्ये लिंबॉ एका लॉ स्टुडंट मुलीबद्दल अत्यंत घाणेरडं बोलला, जाहिरातदार पळाले, आणि त्यापायी आपले लाखो डॉलर बुडाले असं क्युम्युलसच्या सीईओने उघड सांगितलं. दरम्यान क्लिअर चॅनेलने न्यूयॉर्कमधलंच 710, म्हणजे डब्ल्यूओआर, विकत घेऊन ठेवलेलं. आता स्वतःचा टॉवर असताना शो दुसऱ्याच्या टॉवरवर कोण ठेवेल? 2014 च्या जानेवारीत दोघंही 710 वर गेले. क्युम्युलसने हॅनिटीच्या वेळेत मायकेल सॅव्हेज हा होस्ट आणून बसवला, कारण तो शो त्यांच्या स्वतःच्या नेटवर्कचा होता. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं होस्टांची भांडणं आहेत, आणि मुळात दोन कंपन्या आपापला माल आपापल्या दुकानात लावत होत्या.

डब्ल्यूओआर काही साधं स्टेशन नव्हतं. 1922 पासूनचं, तिथे सकाळचा शो गॅम्बलिंग घराण्याने आजोबा-मुलगा-नातू असा तीन पिढ्या केला, 1925 पासून, मधला काही काळ सोडला तर. नातू जॉन गॅम्बलिंग 2013 च्या डिसेंबरात रिटायर झाला आणि पुढच्याच महिन्यात हे नवीन पाहुणे. नुसता योगायोग असेलही, पण सकाळी शाळांना सुट्टी आहे का, कुठला पूल बंद आहे हे पिढ्यान् पिढ्या ज्या स्टेशनने सांगितलं ते दुपारभर फ्लोरिडातून येणारा आवाज लावतंय, हे मला तेव्हाही खटकलं होतं.

त्याच महिन्यात लॉस एंजेलिसमध्ये तर अजून पुढची गोष्ट झाली. तिथे लिंबॉ केएफआय 640 वर होता, 50,000 वॉटचं दणदणीत स्टेशन. तिथून त्याला 1150 वर हलवलं, दोन्ही स्टेशनं क्लिअर चॅनेलचीच. 1150 चं नाव बदलून केईआयबी केलं, ईआयबी ही लिंबॉच्या शोचीच अक्षरं. आणि त्याआधी 1150 वर काय होतं? डाव्या विचारांचा टॉक! ते ऐकणाऱ्यांचं स्टेशन एका फटक्यात त्यांना जे नको होतं त्याचंच घर झालं, आणि त्यांना कोणी काही विचारलं नाही.

बॉस्टनमध्ये लिंबॉचा शो 2010 ला डब्ल्यूआरकेओ हे स्टेशन सोडून 1200 वर गेला, 2012 ला परत आला, 2015 ला परत बाहेर, यावेळी 1430 वर, आणि शेवटी शोच्या मालक कंपनीने डब्ल्यूआरकेओच आपल्याकडे घेऊन टाकलं आणि शो तिथे परत आणला.

लिंबॉ 17 फेब्रुवारी 2021 ला गेला तेव्हा तर सगळं उघडच झालं. दुपारी बारा ते तीन ही सोन्याची वेळ रिकामी. क्युम्युलसच्या वेस्टवुड वन नेटवर्कने मे महिन्यात डॅन बोंजिनो आणला, प्रीमिअरने जूनमध्ये क्ले ट्रॅव्हिस आणि बक सेक्स्टन. कुठल्या गावाला कोण ऐकायला मिळणार हे बऱ्याच ठिकाणी त्या गावच्या टॉवरची मालकी कोणाकडे यावरच ठरलं.

बरं, एवढं करून या कंपन्या श्रीमंत झाल्या म्हणावं तर तेही नाही. क्युम्युलस 2017 च्या नोव्हेंबरात दिवाळखोरीत, आयहार्ट (म्हणजे नाव बदललेलं क्लिअर चॅनेल) 2018 च्या मार्चमध्ये, क्युम्युलसच्या डोक्यावर स्टेशनं घेताना काढलेलं कर्ज, आणि आयहार्टच्या डोक्यावर 2008 मध्ये ती कंपनीच विकली गेली तेव्हा तिच्यावर चढलेलं. कर्ज फेडायचं तर खर्च कापा, आणि रेडिओत खर्च म्हणजे माणसं, गावातला रिपोर्टर, गावातला होस्ट, त्याचा फोन उचलणारा प्रोड्युसर. त्यांच्या जागी दूरवरून येणारा शो स्वस्तच पडतो. एकदा ती टीम घरी गेली की परत उभी राहत नाही. होस्टला एका स्टेशनवरून काढलं तर दुसरं मिळतं, ट्रॅफिक सांगणाऱ्याला कुठलं मिळणार?

असंच झालं पाहिजे असा काही नियम नाही, हे आमच्या जर्सीतच दिसतं. न्यू जर्सी 101.5 हे स्टेशन 1990 पासून जर्सीवर बोलतंय, प्रॉपर्टी टॅक्स, टर्नपाइक (टोलचा हायवे), शाळा, आणि त्याच वर्षी गव्हर्नर फ्लोरिओंच्या टॅक्सवाढीविरुद्ध लोक पेटले त्यात या स्टेशनचा मोठा हात होता. त्यांचं म्हणणंही पुष्कळदा उजवीकडे झुकतं, पण फोन करणारी बाई इथली आणि तिला उत्तर देणारा माणूसही इथला, त्यामुळे चुकीचं बोलला तर दुसरा लगेच फोन करून सांगतो की मी त्याच गल्लीत राहतो, असं काही नाहीये. देशभर जाणाऱ्या शोमध्ये हे होऊच शकत नाही.

आणि 770 चं पुढे काय झालं तर क्युम्युलसने ते 12.5 मिलियन डॉलरला जॉन कॅट्सिमाटिडिस या न्यूयॉर्कच्याच सुपरमार्केटवाल्याला विकलं, 2020 मध्ये व्यवहार पूर्ण झाला. एकेकाळी सगळा अमेरिकन टॉक रेडिओ जिथून निघायचा त्या स्टेशनची ही किंमत! त्यांचं राजकारणही उजवंच आहे आणि मालक स्वतः माइकवर बसतो, पण शनिवारी रात्री कझिन ब्रूसी हा जुना डीजे जुनी गाणी लावतो, न्यूयॉर्कच्या महापौरांवर न्यूयॉर्कचेच लोक भांडतात. मी ते आवडीने ऐकते.

एफसीसीने 2017 मध्ये अजून एक नियम काढून टाकला, स्टेशनचा मुख्य स्टुडिओ ते ज्या गावासाठी आहे त्याच्या आसपास असला पाहिजे हा. तो परत आणला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि लायसन्स दर आठ वर्षांनी रिन्यू होतं तेव्हा रोजचे किती तास त्याच भागात तयार होतात हे विचारलंच पाहिजे. शो कोणाचा, डावा की उजवा, यात सरकारने पडू नये. 2012 च्या सँडी वादळाच्या वेळी आमच्याकडे लाइट नव्हते तेव्हा बॅटरीच्या रेडिओवर 880, म्हणजे डब्ल्यूसीबीएस हे बातम्यांचं स्टेशन, लावून बसलो होतो, पेट्रोल कुठे मिळतंय ते तिथूनच कळत होतं. त्या डब्ल्यूसीबीएसने 2024 च्या ऑगस्टमध्ये बातम्या बंद केल्या, आता 880 वर स्पोर्ट्स लागतं.