येळ्ळूरच्या गडावरून आकाशगंगा: पहिल्या रात्रीची तयारी

बेळगावकरांना रात्रीच्या आकाशाचे फोटो शिकायला राजहंसगडाइतकी सोयीची जागा माझ्या मते दुसरी नाही. येळ्ळूरचा हा गड शहराच्या दक्षिणेला आहे. आकाशगंगेचा दाट भागही दक्षिणेलाच दिसतो, त्यामुळे तिकडे कॅमेरा लावला की शहराचा उजेड आपसूक पाठीमागे जातो. आपण साधारण १६ अक्षांशावर असल्यामुळे हा भाग ४५ अंशांपर्यंत वर चढतो. ध्रुवतारा मात्र जेमतेम १६ अंशांवर, नेमका शहराच्या उजेडात. ध्रुवाभोवतीची ताऱ्यांची वर्तुळं घ्यायचा हट्ट इथे तरी नको.

मार्चअखेर हा दाट भाग मध्यरात्रीनंतर आग्नेयेला उगवतो. मेच्या मध्यावर बारा वाजेपर्यंत चांगला वर आलेला असतो, पण तोवर वळवाचे ढग सुरू होतात. ऑक्टोबरात अंधार पडताच तो नैर्ऋत्येला असतो. अमावास्येच्या आसपासच्या रात्री उत्तम. मार्चमध्ये शुद्ध षष्ठीपर्यंतचा चंद्रही चालतो, कारण तो मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. गडावर रात्री थांबायचं तर गावात आधी विचारून घ्या आणि एकटे जाऊ नका.

कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिमीची किट लेन्स सुरुवातीला पुरते. मॅन्युअल मोड, १८ मिमी, एफ/३.५ (लेन्सचं भोक पूर्ण उघडं), आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) ३२००, १३ सेकंद, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). तारे ठिपक्यासारखेच राहावेत म्हणून जास्तीत जास्त किती सेकंद, हे सांगणारा ५०० भागिले फोकल लेंग्थ हा जुना नियम क्रॉप, म्हणजे लहान, सेन्सरवर (१८ गुणिले १.५, म्हणजे २७) सुमारे १८ सेकंद देतो. पण २४ मेगापिक्सेलच्या फोटोत तेवढ्या वेळात तारे लांबट झालेले स्पष्ट दिसतात. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन (फोटोतले दाणे कमी करणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडकून बसतो.

सगळ्यात जास्त फोटो फोकसपायी वाया जातात. अंधारात ऑटोफोकस नुसता पुढेमागे फिरत राहतो आणि लेन्सवरच्या अनंताच्या खुणेचाही भरवसा नसतो. ऑटोफोकस आणि स्टॅबिलायझेशन (हाताचा हादरा सावरणारी सोय) दोन्ही बंद करा. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर, स्वाती किंवा चित्रा असा ठळक तारा मधोमध घ्या आणि १० पट मोठा करा. आता फोकसची रिंग अगदी हळू फिरवा. पसरट ठिपका लहान होत जातो, सगळ्यात लहान होतो आणि पुन्हा फुगू लागतो. तो फुगेपर्यंत पुढे जा, मगच मागे या. नेमकी जागा त्याशिवाय कळत नाही. स्वस्त लेन्समध्ये ताऱ्याला जांभळी कड दिसते. ती जिथे सर्वांत कमी, तिथे थांबा. मग रिंगवर चिकटपट्टी लावा आणि झूमला हात लावू नका, कारण झूम हलला की फोकस गेलाच. तटाची भिंत फोटोत हवी असेल तर ती निदान पाच मीटर लांब ठेवा; त्याहून जवळची धूसर येते.

वर वारा असतो. ट्रायपॉडचे सगळ्यात बारीक पाय शक्यतो उघडू नका, मधला दांडा खालीच ठेवा आणि शटरला दोन सेकंदांचा टायमर लावा.

काढलेला फोटो अंधारात स्क्रीनवर आहे त्यापेक्षा उजळ दिसतो. म्हणून स्क्रीनचा उजेड कमी करा आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, पाहा. त्याचा उंचवटा डावीकडच्या एक तृतीयांश भागात असावा. डाव्या कडेला चिकटला असेल तर आयएसओ ६४०० करा.

ऑक्टोबरात दव पडतं. सगळे फोटो एकाएकी मऊ, धुरकट येऊ लागले की फोकसला दोष देण्याआधी लेन्सची काच बघा. दर दहा-पंधरा मिनिटांनी टॉर्च तिरका धरून तपासा. औषधाच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळणारी हात शेकायची पुडी लेन्सभोवती मोज्याने बांधली की काच हवेपेक्षा किंचित गरम राहते आणि दव धरत नाही. फुंकर मारून पुसू नका, श्वासातली वाफ काचेवर बसते. घरी परतल्यावर कॅमेरा बंद बॅगेतच अर्धा तास राहू द्या.