सूक्ष्मदर्शकाची मूळ फाइल उघडताना

सूक्ष्मदर्शकाच्या संगणकावरून चित्र नेताना पुष्कळ जण ते जेपीईजी करून नेतात, कारण ते कुठेही उघडते. मला ही सवय फार खटकते. झाइसची सीझेडआय, लायकाची एलआयएफ किंवा निकॉनची एनडी२ फाइल म्हणजे नुसते चित्र नव्हे. एक पिक्सेल किती मायक्रोमीटरचा, ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळचे भिंग) कोणते, वेगवेगळ्या खोलीवर टिपलेल्या दोन प्रतलांत अंतर किती, हे सारे तिच्यात नोंदलेले असते आणि जेपीईजी करताना त्यातले बहुतेक गळून पडते. मग पेशीचा व्यास मोजायचा कशाच्या आधारावर?

अशा मूळ फाइलींसाठी ओपन मायक्रोस्कोपी एन्व्हायर्नमेंट या प्रकल्पाचे बायो-फॉरमॅट्स हे मुक्तस्रोत प्लगइन आहे. ते दीडशेहून अधिक प्रकारच्या फाइली वाचते आणि इमेजजे या चित्र-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरवर आधारलेल्या फिजी या सॉफ्टवेअरमध्ये मुळातच असते, त्यामुळे वेगळे इन्स्टॉल करावे लागत नाही. फाइल फिजीच्या पट्टीवर ओढून सोडली की पर्यायांची चौकट येते. तिथे घाईने ‘ओके’ दाबू नये, असे मी नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

त्या चौकटीतला ‘ऑटोस्केल’ हा पर्याय विशेष जपून वापरावा. तो चालू असला की चित्रातल्याच किमान व कमाल मूल्यांवरून पडद्यावरची उजळणी ठरते; पिक्सेलच्या तेजाच्या मूळ आकड्यांना धक्का लागत नाही, पण डोळे फसतात. एकदा रंगद्रव्य न घातलेला कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला नमुना, मला रंगवलेल्या पेशींइतकाच तेजस्वी दिसला आणि प्रयोग बिघडला असे वाटून मी हादरले. कर्सर फिरवून पाहिले, तर कंट्रोलमध्ये आकडे ११०च्या आसपास होते आणि रंगवलेल्या पेशींत ३,०००च्या पुढे. तेव्हापासून तुलनेची चित्रे मी ऑटोस्केल बंद ठेवून उघडते आणि ‘ब्राइटनेस/कॉन्ट्रास्ट’मध्ये सर्वांना एकच मर्यादा देते.

फाइल मोठी असेल तर ‘व्हर्च्युअल स्टॅक’ निवडावा. २०४८ × २०४८ पिक्सेलचे १६ बिटचे एक प्रतल ८ एमबीचे असते. ३ चॅनेल (वेगवेगळ्या रंगांच्या स्वतंत्र नोंदी), ४० प्रतले आणि २० वेळा घेतलेली नोंद धरली तर आकडा १९ जीबीच्या घरात जातो आणि साध्या संगणकाची मेमरी त्यापुढे टिकत नाही. व्हर्च्युअल स्टॅकमध्ये समोर असलेले प्रतल तेवढेच डिस्कवरून वाचले जाते. मात्र त्यात एखाद्या प्रतलावर केलेला बदल पुढच्या प्रतलावर जाताच नाहीसा होतो, म्हणून हवा तेवढा भाग आधी ‘डुप्लिकेट’ने वेगळा काढावा आणि त्यावरच काम करावे.