भट्टीचं झाकण आणि 0.727

"मामा, कार्बन किती?" भोसरीच्या त्या फाउंड्रीत पहिल्याच दिवशी मी लोखंड वितळवणाऱ्या मेल्टर मामांना विचारलं होतं. त्यांनी लॅबच्या चिठ्ठीकडे बघितलं. "3.35. सिलिकॉन कमी पडलंय, टाकतोय आता." ते लोखंडातल्या कार्बनबद्दल बोलत होते, मी चिमणीतल्या. आणि ती चिमणीही इथली नव्हे, चंद्रपूर-कोराडीकडच्या कोळशाच्या वीजकेंद्रांची.

मी एनर्जी ऑडिटर आहे. शेठकडे युरोपातल्या गिऱ्हाईकाची प्रश्नावली आली होती: एक टन कास्टिंगमागे, म्हणजे ओतीव लोखंडामागे, किती कार्बन डायऑक्साइड? शेठचं उत्तर तयार होतं. "आपली वीज कोयनेची. पाण्याच्या विजेत कसला आलाय कार्बन?"

पुण्यात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. कोयना 1,960 मेगावॅटची आहे, मान्य. पण वीज करून पश्चिमेला सोडायला वर्षाला 67.5 टीएमसीच (अब्ज घनफूट) पाणी कृष्णा पाणीवाटप लवादाने ठरवून दिलंय, त्यामुळे ती मागणीच्या तासांना पुरवून पुरवून चालवावी लागते. शिवाय 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर लाइन सुरू झाली, दक्षिणेचं ग्रीड उरलेल्या देशाला जोडलं गेलं, आणि तेव्हापासून सगळा देश एका तारेवर आहे. भोसरीच्या फीडरला कोयनेची वीज निवडून कोणी देत नाही. म्हणून आम्ही केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा देशभराचा सरासरी आकडा धरतो. 2023-24 साठी तो युनिटमागे 0.727 किलो कार्बन डायऑक्साइड आहे. सौर-पवनच्या एवढ्या बातम्या येऊनही आकडा इतका मोठा का, असं शेठनी विचारलं. कारण बातम्या असतात उभारलेल्या क्षमतेच्या, आणि पॅनेल रात्री झोपतात. प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेत त्या वर्षी कोळसाच 70 टक्क्यांच्या वर होता.

शेठनीही छपरावर 200 किलोवॅटचे पॅनेल टाकलेत आणि गेटवर 'हरित ऊर्जेवर चालणारी फाउंड्री' असा बोर्ड लावलाय. आत एक टनाची इंडक्शन भट्टी आहे, 750 किलोवॅटची. ती सुरू झाली की छपराची सगळी वीज एका घोटात जाते. बोर्डाबद्दल मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं.

खरी गोष्ट पाळीची आहे. वर्षानुवर्षं इथे मेल्टिंग रात्रीच व्हायचं, कारण रात्री 10 ते सकाळी 6 युनिटला दीड रुपया सूट होती. 2025 च्या दरपत्रकात ती गेली आणि सवलत आली सकाळी 9 ते संध्याकाळी 5 मध्ये. कारण उघड आहे: दुपारी राजस्थान-गुजरातची सौर वीज ग्रीडवर येते, कोळशाचे संच कमीत कमी लोडवर आणून ठेवावे लागतात, आणि ऊन उतरलं की त्यांनाच घाईघाईने वर न्यावं लागतं. मीच शेठना म्हटलं, मेल्टिंग दिवसा आणा. बिलही उतरेल आणि कार्बनही. मामांची रात्रपाळी गेली, तिचा भत्ताही गेला. "आता घरी झोपतो," एवढंच ते म्हणाले.

तीन महिन्यांनी मामांचं हीट रजिस्टर उघडलं. प्रत्येक हीटला, म्हणजे भट्टीच्या एका घाण्याला, चार्जचं (आत टाकलेल्या मालाचं) वजन, टॅपिंगचं (रस ओतून घेतानाचं) तापमान आणि मीटरचं सुरुवातीचं-शेवटचं रीडिंग, पेन्सिलने, एकही रकाना मोकळा नाही. (बाणेरच्या काचेच्या ऑफिसातून येणाऱ्या रंगीत एक्सेलमध्ये अशी शिस्त मी बघितलेली नाही.) रात्रपाळीची सरासरी टनाला 612 युनिट. दिवसाची 664.

आधी वाटलं मीटर चुकतोय. म्हणून भट्टीच्या विजेच्या पॅनेलला वीज मोजणारा अॅनालायझर लावून भट्टीजवळ उभा राहिलो. अकराची हीट. पॉवर 740 किलोवॅटवर, पाऊण तासात स्क्रॅप बसलं, रस पांढरट-पिवळा झाला. मामांनी वरचा मळ, म्हणजे स्लॅग, काढला, सॅम्पल ओतून मुलाला लॅबकडे पिटाळलं. चिठ्ठी आली, तापमान 1,450. टॅप करायचं, पण रस घ्यायचं भांडं, लॅडल, उचलायला क्रेन नाही. ती पलीकडे मोल्डिंगवाल्यांची बॉक्सं उचलत होती. रात्री हीच क्रेन मामांच्या एकट्याची असायची.

झाकण उघडंच होतं. चेहरा भाजत होता आणि मीटर थंडपणे पुढे सरकत होता. रस गोठू नये म्हणून मामा मधूनमधून पॉवर देत होते. तेवीस मिनिटं. त्या तेवीस मिनिटांत 41 युनिट गेले, एक ग्रॅमही नवीन लोखंड न वितळवता. "झाकण तरी लावा," मी म्हणालो. मामांनी हातानेच दाखवलं: झाकणाची बिजागरी वाकलेली, ते उचलायलाही क्रेनच लागते.

म्हणजे कागदावर हिशेब असा: रात्री टनाला 445 किलो, दिवसा 483. माझ्या सल्ल्याने फाउंड्री उन्हाच्या तासांत आली आणि तिचा कार्बन वाढला. पण हे खरं आहे का? 0.727 ही वर्षाची सरासरी. तिला दुपारचा युनिट आणि रात्रीचा युनिट सारखाच. रात्री ग्रीड कोळशावर उभं असतं. दुपारच्या युनिटमागे कोळसा कमी जळतो. तासावारी आकडा धरला तर दिवसपाळी बहुधा जिंकेल, 52 युनिट जास्त जाळूनसुद्धा. मात्र दुपारी मागणी वाढली की तो जास्तीचा युनिट सौरच देतो की दाबून ठेवलेला एखादा कोळशाचा संचच थोडा वर येतो, हे भोसरीतल्या मीटरवर दिसत नाही. तासावारी हिशेबाला प्रश्नावलीत रकानाही नाही.

मी 483 लिहिलं. नियमाने तेच बरोबर. खाली शेऱ्याच्या चौकटीत दोन ओळी टाकल्या: दिवसपाळीत क्रेनसाठी भट्टी थांबते, महिन्याला 200 टनांवर सुमारे साडेसात टन कार्बन डायऑक्साइड त्यातच जातो, दुसरी क्रेन आणि झाकणाची बिजागरी सुचवली आहे.

पाठवायच्या आधी शेठनी त्या ओळी खोडल्या. "साहेब, गिऱ्हाईक म्हणेल यांच्याकडे साधी क्रेन नाही."