‘रिसीव्हड’ म्हणजे नक्की कोणाला मिळालं?

बाबा गेल्यावर आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनाच्या अर्जाला त्यांच्या पेन्शनचा मूळ कागद, म्हणजे पीपीओ, लागणार होता. तो नागपूरला ताईकडे राहिला होता, आणि आई इथे सोलापूरला माझ्याकडे. ताई रजिस्ट्री करायला गेली, तर खिडकीवर कळलं की १ ऑक्टोबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच सामावून घेतलं आहे. तिने स्पीड पोस्ट केलं आणि पाकीट आईच्याच हातात पडावं म्हणून वर नोंदणीही घेतली.

पाकीट कुठवर आलं ते पाहायला, तिने फोनवर सांगितलेला पावतीवरचा नंबर मी पोस्टाच्या साइटवर टाकला, तो चालेचना. मग पावतीचा फोटो मागवला. एक आकडा चुकला होता. हा नंबर तेरा जागांचा असतो: आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी आपल्या देशाचं ‘आयएन’. त्या नऊतला शेवटचा आकडा आधीच्या आठांवरून गणित करून काढलेला असतो, त्यामुळे ऐकण्यातली चूक सहसा तिथेच अडते. तेव्हापासून मी नंबर तोंडी घेतच नाही.

पहिल्या दिवशी ‘आयटम बुक्ड’, ‘आयटम बॅग्ड’, ‘आयटम डिस्पॅच्ड’. इथवर ठीक. मग दीड दिवस काहीच नाही, आणि एकदम पुण्याच्या नावापुढे ‘आयटम रिसीव्हड’! माझ्या पोटात गोळाच आला. बाबांचा एकुलता एक कागद पुण्यात कोणी घेतला? आईला काही सांगवेना.

आमच्या शेजारचे काका आरएमएसमधून, म्हणजे टपाल खात्याच्या रेल्वे मेल सर्व्हिसमधून निवृत्त झाले आहेत. मी मोबाईल घेऊन त्यांच्याकडे धावले. त्यांनी चष्मा लावून सगळ्या ओळी सावकाश वाचल्या.

“अगं पोरी, रिसीव्हड म्हणजे त्या ऑफिसला मिळालं. माणसाला मिळालं की डिलिव्हर्ड म्हणतात. तू क्रियापद वाचतेस, आधी ऑफिसचं नाव वाच.”

मग त्यांनी थैलीचं समजावलं. ‘बॅग्ड’ म्हणजे त्याच दिशेच्या इतर टपालाबरोबर आपलं पाकीट थैलीत घालून तोंड बंद केलं. वाटेत थैली फोडत नाहीत, त्यामुळे पाकिटाची वेगळी नोंद होणार कुठून? थैली पुढच्या केंद्रावर उघडली की पाकीट पुन्हा दिसतं. माझा तो दीड दिवस कागद प्रवासात होता, एवढंच. हे ऐकून मला इतकं हलकं वाटलं की काकूंनी दिलेला चहा तिथेच बसून प्यायले.

तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा दचकले. सोलापूर ‘रिसीव्हड’, आणि लगेच खाली सोलापूर ‘डिस्पॅच्ड’. आलेलं परत कुठे चाललं? यावेळी काकांना न विचारता ऑफिसांची नावं वाचली. छाननी केंद्रातून ते आमच्या भागाच्या वाटप करणाऱ्या टपाल कचेरीकडे निघालं होतं. शहर एकच, कचेऱ्या दोन.

सकाळी ‘आउट फॉर डिलिव्हरी’ दिसलं, पण त्याच वेळी मी आईला सिव्हिल हॉस्पिटलला तपासणीला नेलं होतं. परत येईपर्यंत ‘डोअर लॉक्ड’. चूक आमचीच, कारण नोंदणी घेतल्यावर आईने घरी थांबायला हवं होतं. आता पाकीट नागपूरला परत जाणार, या धास्तीने मी कचेरी गाठली. खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं की पाकीट इथेच आहे, उद्या पुन्हा पाठवतील, नाहीतर आईंना ओळखपत्र घेऊन येऊ द्या.

दुसऱ्या दिवशी आई सकाळपासून दारातल्या खुर्चीवर आधार कार्ड हातात घेऊन बसली. पोस्टमनदादा अकराच्या सुमारास आले, सही घेतली. आईने पाकीट उघडण्याआधी त्यावरचं ताईचं अक्षर बराच वेळ पाहिलं. मी ताईला फोन केला, तर ती म्हणाली, “माझ्याकडे अजून आउट फॉर डिलिव्हरीच दिसतंय गं.”

“दिसू दे,” आई आतून म्हणाली, “कागद माझ्या मांडीवर आहे.”