न्यूग्रेंजच्या अंधारात

आज आयर्लंडमधल्या न्यूग्रेंजच्या दगडी थडग्यात शिरले. बोळ इतका अरुंद की अंग चोरून चालावं लागलं. आत एकमेकांत गुंतलेली तीन वेटोळी आहेत, दगडानेच ठोकून कोरलेली. धातू तेव्हा इथे यायचा होता. समुद्रापलीकडून गुरं, धान्य घेऊन आलेल्या शेतकऱ्यांच्या वंशजांनी इ.स.पू. ३२०० च्या सुमारास हे उभारलं. त्यांच्याआधी शिकारी, त्यांच्यानंतर तांबं वितळवणारे. पण मला सगळ्यात भिडलं ते पुढचं. खूप नंतर केल्टिक भाषेत, म्हणजे जुन्या आयरिशमध्ये, गोष्टी सांगणाऱ्यांना ही वास्तू परकी वाटलीच नाही. दाग्दा आणि एंगस या आपल्या देवांचं घर म्हणून त्यांनी ती आपलीशी केली.

मग मार्गदर्शक बाईंनी दिवे मालवले. डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवसांत उगवता सूर्य या बोळातून थेट आत पोचतो; तशीच, पण दिव्याच्या उजेडाची, एक तिरीप जमिनीवरून आत सरकत आली. कोणीच बोललं नाही.